वहीतला आक्कांचा रकाना

बुडबुडे सरांच्या प्रयोगशाळेतले इलेक्ट्रॉन आक्कांना ओळखतात, ही बातमी आधी तिसऱ्या मजल्यावर पसरली, मग जिन्याने खाली उतरली, आणि फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत पोचेस्तोवर इलेक्ट्रॉन आक्कांना सोडायला बसस्टॉपपर्यंत जायला लागले होते. आक्का हे ऐकून नाक मुरडायच्या. पण घरी गेल्या की नणंदेला फोन लावून तीच बातमी तिखटमीठ लावून सांगायच्या, तेव्हा त्या नाक मुरडण्यावर फार विसंबून राहण्यात अर्थ नव्हता.

आक्का काही शास्त्रज्ञ नव्हत्या. तळमजल्यावर हेलियम वायूचा द्रव करणारं एक यंत्र होतं, ते त्या एकतीस वर्षं चालवत होत्या. यंत्र खोलीभर, त्याचा आवाज इमारतभर, आणि स्वभाव थोरल्या जाऊबाईंसारखा: वेळच्या वेळी विचारपूस झाली नाही की दिवसभर फुरंगटून बसायचं. हेलियमही तसा हट्टीच. बाकीचे वायू थंडीपुढे केव्हाच हात टेकतात, हा अगदी शेवटी टेकतो, आणि मग त्याचा जो द्रव होतो त्याच्याइतकं थंड आक्कांनी दुसरं काही पाहिलं नव्हतं. टाकीत तो किती उरलाय हे सांगणारे मीटर बाजारात मिळत होते. आक्का एक लांब बारीक नळी आत सोडायच्या, तिच्या वरच्या तोंडावर ताणून बसवलेल्या रबरावर अंगठा ठेवायच्या आणि नळीतल्या वायूची थरथर अंगठ्याने ओळखायच्या. टोक द्रवाला टेकलं की थरथर बदलते. "बावीस बोटं," त्या सांगायच्या. मीटर मागाहून तेच सांगायचा.

बुडबुडे सर हे नाव सरांना त्यांच्या कामावरून पडलं होतं. चाळिशीचा, किडकिडीत, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावणारा हा माणूस गेली नऊ वर्षं एकाच प्रश्नाच्या मागे होता: द्रव हेलियममध्ये इलेक्ट्रॉन सोडला तर तो तिथे काय करतो. आक्कांना त्यांनी ते पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं, कारण आक्कांनी तसा दमच दिला होता. माझं हेलियम नेऊन त्याचं करता काय, ते कळल्याशिवाय थेंब मिळणार नाही.

"असं बघा आक्का," सर म्हणाले होते, "दुसऱ्या कुठल्याही द्रवात इलेक्ट्रॉन सोडला तर तो कुणाला ना कुणाला जाऊन चिकटतो. हेलियमचे अणू त्याला दारातही उभं करत नाहीत. मग तो सगळ्यांना कोपराने ढकलतो आणि स्वतःभोवती एक गोल रिकामी खोली करून घेतो. बुडबुडा. आत तो एकटा."

"केवढी खोली?"

"एका केसाच्या जाडीत वीस हजार बसतील."

"म्हणजे दिसत नाही."

"नुसती नाही दिसत. आपण बाहेरून आवाजाचा एक जबर ठोका देतो. द्रवावरचा दाब क्षणभर उतरतो आणि ती खोली फुगते, इतकी की लेझरच्या उजेडात चमकून जाते. कॅमेऱ्यात एक ठिपका येतो. मग पुन्हा मिटते."

"एका इलेक्ट्रॉनचा एक ठिपका?"

"एकाचा एक."

आक्कांना ते पटलं. एकाचा एक म्हटल्यावर लबाडीला जागा नव्हती, आणि लबाडीला जागा नसलेली कामं त्यांना आवडायची. त्या दिवसापासून सरांना हेलियम कधी कमी पडलं नाही.

इलेक्ट्रॉन सोडायला सरांनी हेलियमच्या उंच काचेच्या भांड्यात एक सुई बसवली होती. तिला वीज दिली की ते सुटायचे. घोटाळा झाला तो दोन महिन्यांपूर्वी. त्या दिवशी पहिल्यांदाच सुई बंद होती, तिची तार काढून टेबलावर ठेवली होती, आणि तरी पडद्यावर ठिपका आला. पाठोपाठ आणखी एक. तासाभरात अकरा. सरांनी चष्मा पुसला, कॅमेरा पुसला, शेवटी पडदाही पुसला. दोन दिवसांनी एकही ठिपका आला नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा नऊ.

सरांनी वही काढली आणि वीस रकाने आखले. लिफ्ट चालू की बंद, दार उघडं की मिटलेलं, शेजारच्या खोलीतला पंखा, हवेतला दमटपणा, काय नि काय. एकाही रकान्याशी ठिपक्यांचा मेळ बसेना. मग त्यांनी नाइलाजाने एकविसावा रकाना आखला, आणि तो सोळा आणे जुळला. त्यावर लिहिलं होतं: 'आक्का – आहे / नाही'.

आक्का तिथे असायच्या त्या कामासाठीच. प्रयोगात हेलियम आणखी थंड करायचं तर त्याच्यावरची वाफ पंपाने ओढावी लागते, आणि किती ओढायची ते एका व्हॉल्व्हवर ठरतं. तो व्हॉल्व्ह काचेच्या भांड्याला अगदी लागून होता. आक्का डाव्या हाताने तो हळूहळू फिरवत असत. वाफ ओढता ओढता एक क्षण असा येतो की खदखदणारं हेलियम एकदम गप्प होतं. एक बुडबुडा वर येत नाही, काचेमागे काही आहे की नाही अशी शंका यावी इतकं ते निवांत होतं. एकतीस वर्षं बघूनही त्या क्षणी आक्कांचं बोलणं थांबायचं, आणि आक्कांचं बोलणं थांबवणारी दुसरी कुठलीही गोष्ट इमारतीत नव्हती. आक्का रजेवर असल्या की वर्कशॉपमधला फिटर व्हॉल्व्हवर उभा राहायचा. त्याच्यासाठी मात्र एकही इलेक्ट्रॉन आला नाही.

सर प्रामाणिक असल्यामुळे त्यांनी आक्कांचीही चाचणी घेतली. आक्का स्वेटर घालून, स्वेटर काढून. चपला घालून, अनवाणी. कानातलं काढून. गप्प उभ्या, गाणं म्हणताना. "जरा रागावून दाखवता का?" असंही सरांनी विचारलं, तेव्हा वेगळं दाखवायची गरज पडली नाही. आक्कांच्या जागी त्यांच्या वजनाइतकं पाणी भरलेलं पिंपही ठेवून पाहिलं. वजन विचारल्यावर आक्कांनी सात किलो कमी सांगितलं होतं, त्यामुळे तो प्रयोग जरा कच्चाच राहिला.

बारकाईत सर कुणाला हार जाणारे नव्हते. विजेच्या वस्तूंच्या कुरबुरीने कॅमेरा बिघडतो म्हणून त्यांनी सगळ्यांचे मोबाइल दाराबाहेर ठेवायला लावले होते, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं होतं, स्वतःचं सेलवरचं घड्याळ कपाटात टाकलं होतं. वेळ बघायला आत फक्त आक्कांचं घड्याळ राहिलं होतं. ते त्यांच्या वडिलांचं, चावीचं, पुरुषी थोराड घड्याळ. "आक्का, वेळ?" सर विचारायचे. आक्का मनगट वळवून सांगायच्या, आणि ती वेळ वहीत जायची. फिटर असला की वेळ दाराबाहेरून कुणीतरी ओरडून सांगायचं.

हे सगळं गमतीचं वाटलं तरी त्यात आक्कांचा जीव अडकला होता. येत्या शुक्रवारी तिघांची समिती येणार होती. यंत्र जुनं झालं, वीज खातं, तळमजला अडवून बसलंय. तेव्हा हेलियममध्ये काही नवं सापडत असेल तर ठेवू, नाहीतर भंगारात काढून त्या जागी गाड्या लावायची सोय करू, असं वरून ठरलं होतं. यंत्र गेलं तर निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं आक्कांनी भांडारात बसून परीक्षानळ्या मोजून द्यायच्या होत्या. आक्कांना यंत्र राहायला हवं होतं. त्याच्याशिवाय सकाळी उठून कुठे जायचं हेच त्यांना माहीत नव्हतं. आणि नवं काही म्हणाल तर सरांकडे एकच होतं: कुणी न सोडता आलेले इलेक्ट्रॉन.

सोमवारी आक्कांचं घड्याळ मागे पडायला लागलं. घड्याळजी घरातलाच होता. त्यांचे यजमान कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात डोळ्याला भिंग लावून चाळीस वर्षं हेच करत होते. संध्याकाळी आक्कांनी घड्याळ त्यांच्यापुढे ठेवलं आणि मंगळवारी रिकाम्या मनगटाने कामाला गेल्या.

मंगळवारी एकही ठिपका आला नाही.

आक्का व्हॉल्व्हवर होत्या. सर पडद्यासमोर होते. सकाळ गेली, दुपार गेली. "आक्का, बरं आहे ना तुम्हाला?" सरांनी तीनदा विचारलं. चौथ्यांदा काल काय जेवलात असं विचारलं. "माझ्या जेवणाशी यांचा काय संबंध?" आक्का म्हणाल्या, पण आतून त्याही धास्तावल्या होत्या. वहीत 'आक्का – आहे' या खुणेपुढे शून्य पडलं तेव्हा घरच्यांनी ओळख न दाखवल्यासारखं त्यांना वाटलं.

बुधवारी दुरुस्त झालेलं घड्याळ मनगटावर बांधून त्या गेल्या आणि पहिल्या तासात दहा ठिपके आले. सरांचा जीव भांड्यात पडला. आक्कांच्या जिवाला मात्र घोर लागला, कारण मंगळवार आणि बुधवार यांच्यात काय वेगळं होतं ते त्यांच्या हातावर टिकटिकत होतं.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विचारलं, "अहो, या घड्याळाला तुम्ही काय केलंत?"

"साफ केलं, तेल दिलं," घड्याळजी म्हणाले. "का? पुन्हा मागे पडतंय?"

"आणि आतल्या आकड्यांना?"

"त्यांना मी हात लावत नाही. रेडियम आहे ते."

"गाड्यांवर चिकटवतात तसलं?"

"ते नुसतं नावाचं. हे खरंखुरं. तुझ्या बाबांच्या तरुणपणी अंधारात काटे दिसावेत म्हणून लावायचे. मग कळलं की अंगाला वाईट आहे, तेव्हा बंद केलं. काच फुटली नाही तोवर फार घाबरायचं कारण नाही, पण मी आपला लांबच राहतो."

"अहो, पण हे तर चमकतच नाही. मी शाळेत होते तेव्हाच विझलं."

"विझला तो त्याच्यातला रंग," घड्याळजी म्हणाले. "रेडियमचं काम चालूच आहे. सोळाशे वर्षांनी निम्मं होईल म्हणतात. वाढ की अजून थोडं."

आक्कांनी वाढलं. त्यांचा स्वतःचा घास मात्र हातातच राहिला.

गुरुवारी दुपारी सर जेवायला गेले तेव्हा आक्कांनी व्हॉल्व्ह ठरल्या खुणेवर दोरीने बांधला, घड्याळ काढून काचेच्या भांड्याजवळच्या स्टुलावर ठेवलं आणि स्वतः दारात जाऊन उभ्या राहिल्या. जिन्यातल्या घड्याळाने वीस मिनिटं झाली. पडद्यावर चार ठिपके आले. मग त्यांनी घड्याळ खाली नेऊन यंत्राशेजारच्या टेबलाच्या खणात ठेवलं, वर आल्या, आणि अर्धा तास व्हॉल्व्हवर हात ठेवून भांड्याला खेटून उभ्या राहिल्या. एक इलेक्ट्रॉन फिरकला नाही.

आधी त्यांना हसू आलं, मग वाईट वाटलं, आणि तेही थोडंथोडकं नाही. दोन महिने ज्यांच्यापायी नणंदेचं डोकं खाल्लं ते इलेक्ट्रॉन त्यांना ओळखतही नव्हते. घड्याळातून सुटलेले किरण काच भेदून आत जात होते, हेलियमच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवत होते, आणि ते बिचारे आपापली खोली करून बसत होते. सरांनी स्वेटर तपासला, चपला तपासल्या, पिंप भरलं. घड्याळ तेवढं काढायला लावलं नाही, कारण ते काढलं तर वेळ कशावर बघणार? त्यांच्या बारकाईनेच चोराला हाताला धरून आत आणलं होतं आणि वर त्यालाच वेळ विचारली होती.

सरांना सांगायचं म्हणून आक्का दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेल्या. सर उद्यासाठी कागद लावत होते आणि शिट्टी वाजवत होते. नऊ वर्षांत आक्कांनी त्यांची शिट्टी ऐकली नव्हती. शिवाय सांगून होणार काय होतं? सरांचा शोध जाणार, शोधाबरोबर यंत्र जाणार, यंत्राच्या जागी गाड्या उभ्या राहणार. आणि न सांगितलं तर आक्कांनी काहीच करायचं नव्हतं. रोजच्यासारखं घड्याळ बांधून रोजच्या जागी उभं राहायचं. हातात घड्याळ घालणं हा काही गुन्हा नव्हे, असं त्यांनी स्वतःला बजावलं, आणि बजावावं लागतंय याचाच त्यांना राग आला.

घरी त्यांनी घड्याळजींना सगळं सांगितलं. ते बराच वेळ भिंग पुसत राहिले.

"उद्या घालणार आहेस?"

"रोजच घालते."

"मी रोजचं विचारलं नाही," घड्याळजी म्हणाले आणि दिवा बंद करून झोपले.

शुक्रवारी आक्का घड्याळ घालून गेल्या.

समितीच्या प्रमुख एक सत्तरीच्या बाई होत्या, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा, आणि समोरचा बोलत असताना पापणी न हलवण्याची सवय. त्यांच्याबरोबर दोघे गृहस्थ होते. एक सारखी मान डोलवायचे, दुसरे सारखा खिसा चाचपायचे, कारण मोबाइल दाराबाहेर ठेवायला लावला होता. हेलियम गप्प झालं, सरांनी सुईची तार काढून त्यांच्या हातात दिली, आणि पाच मिनिटांत पडद्यावर पहिला ठिपका चमकला. मग दुसरा, मग तिसरा. मान डोलवणाऱ्यांची मान जोरात डोलली.

"खोलीत इलेक्ट्रॉन सोडणारं काही नाही?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. आम्ही सगळं तपासलं," सर म्हणाले आणि वही पुढे केली.

खिसा चाचपणारे वही चाळत शेवटच्या रकान्याशी थांबले आणि मोठ्याने वाचू लागले. "'आक्का – आहे, आक्का – नाही.' हे काय आहे? 'आक्का – रागावलेली.'" ते हसायला लागले. "अहो, या बाईंच्या अंगात वगैरे येतं का?"

मान डोलवणारेही हसले. आक्कांनी सरांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते, शर्टाची बटणं नेहमीसारखी एक घर चुकली होती, पण त्यांनी वही मागे घेतली नाही.

"विचित्र आहे, मान्य आहे," सर म्हणाले. "कारण मला कळलेलं नाही. पण दिसलं तसं लिहिलंय. हा रकाना खोडला असता तर तुम्ही हसला नसता, पण मग ती वही माझ्या काय कामाची?"

आक्कांना भडभडून आलं, आणि पाठोपाठ संताप आला. तो हसणाऱ्यांचा होता, सरांच्या भाबडेपणाचा होता, सगळ्यात जास्त स्वतःचा होता. त्यांनी व्हॉल्व्हवरचा हात काढला, घड्याळाचा पट्टा सोडला आणि घड्याळ बाईंच्या पुढ्यात धरलं.

"यांना हसू नका. रकाना बरोबर आहे, नाव चुकलंय. आक्काच्या जागी घड्याळ लिहा. आकड्यांवर रेडियम आहे."

मान डोलवणाऱ्यांची मान थांबली. हेलियम तर आधीच गप्प होतं.

"कधीपासून माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"पक्कं कालपासून."

"मग काल का नाही बोललात?"

"मला माझं यंत्र हवंय," आक्का म्हणाल्या. "एकतीस वर्षं चालवतेय. दुसरं कारण नाही."

बाईंनी चष्मा लावला, घड्याळ उलटसुलट करून पाहिलं आणि ते घेऊन खोलीबाहेर गेल्या. ठिपके थांबले. दहा मिनिटांनी त्या दारात आल्या आणि एका जागी उभ्या राहिल्या. एक ठिपका आला. चार पावलं पुढे आल्या, तेवढ्याच वेळात तीन आले. पुढचा तासभर ही बाई वरिष्ठपणा विसरून घड्याळ हातात धरून पुढेमागे चालत होती, सर पडद्यावरून आकडे ओरडत होते, आक्का पुन्हा व्हॉल्व्हवर होत्या, आणि दोघा गृहस्थांना कुणी बसाही म्हटलं नाही. चहा आला तसाच गार झाला.

जाताना बाईंनी घड्याळ आक्कांच्या हातात दिलं. "हे उद्यापासून या इमारतीत नको." मग सरांकडे वळून म्हणाल्या, "तुमचा शोध संपला, हे तुम्हाला कळलंय ना?"

"कळलंय," सर म्हणाले.

"घड्याळ नाही, सुई नाही, काहीच नाही, अशा वेळी तुमचं हे काचेचं भांडं काय दाखवतं ते मला सात दिवस बघायचंय. रोजचे आकडे पाठवा. यंत्राचं मग ठरवू."

सगळे गेल्यावर आक्का मान खाली घालून उभ्या राहिल्या. आता बोलणी बसणार, आणि ती आपण मुकाट ऐकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. सर बराच वेळ वहीकडे बघत बसले, मग त्यांचे खांदे हलायला लागले. रडतात की काय म्हणून आक्का जवळ गेल्या, तर ते हसत होते. "मी तुमच्या वजनाचं पिंप भरलं," सर म्हणाले. "पिंप, आक्का."

"तेही सात किलो कमी होतं," आक्कांनी कबूल करून टाकलं.

सात दिवसांचा हिशेब दोघांनाही स्वच्छ दिसत होता. रिकामं असताना रिकामं दिसलं, म्हणजे सलग शून्य आलं, तर काच भरवशाची आणि यंत्राला काही आशा. उगाच ठिपके आले तर काच बिघडलेली, आणि बिघडलेल्या काचेसाठी हेलियम कोण करणार? घड्याळ घड्याळजींच्या दुकानात लोखंडी पेटीत गेलं. वेळ बघायला आक्का दर दहा मिनिटांनी दार किलकिलं करून जिन्यात डोकावत. पहिला दिवस शून्य. दुसरा शून्य. पाचव्या दिवसापर्यंत आक्का इतक्या जपून श्वास घेत होत्या की फिटरने त्यांना दम्याचा डॉक्टर सुचवला.

सहाव्या दिवशी दुपारी तीन चाळीसला पडद्यावर एक ठिपका आला.

स्वच्छ, गोल, मधोमध. चमकला आणि मिटला. दोघांनीही पाहिला.

"खिशात काही आहे?" सरांनी हळूच विचारलं.

आक्कांनी स्वेटरचे खिसे उलटे केले. किल्ल्या, रुमाल, बसचा पास, डोकेदुखीची गोळी. सरांनी स्वतःचेही उलटे केले. त्यांच्या खिशात शर्टाचं एक बटण निघालं.

"आकाशातून येतात असे कण," सर म्हणाले. "छपरातून, आपल्यातून, सारखे जात असतात. पण आपला ठोका बसतो ती जागा मोहरीएवढी. तिथे नेमका सापडणारा म्हणजे आठवड्याला एखादा."

"मग तसं लिहा."

"लिहीन. पण घड्याळाच्या प्रकरणानंतर कोण ऐकणार? म्हणतील, आता कुणाच्या पदराला काय बांधलं होतं." त्यांनी पेन उघडलं, वहीवर नेलं आणि तिथेच धरून ठेवलं. "आक्का, एकच ठिपका आहे. कॅमेऱ्यावर धूळही असू शकते."

आक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. नऊ वर्षांत या माणसाने कधी एका ठिपक्याला धूळ म्हटलं नव्हतं. लोक तोंडावर हसले तरी रकाना खोडला नव्हता. आज खोडायला निघाला होता, आणि तो स्वतःसाठी नाही, हे आक्कांना लख्ख कळलं. त्यांना त्याची इतकी माया वाटली की क्षणभर गप्प बसावं असंही वाटून गेलं. डोळ्यांसमोर मात्र यंत्राच्या जागी ओळीने लावलेल्या गाड्या दिसत होत्या.

"धूळ होती का, सर?"

सरांनी पेनाचं टोक वहीला टेकवलं. "नाही."

"मग लिहा."

सरांनी लिहिलं. सहावा दिवस, एक. सातव्या दिवशी पुन्हा शून्य आलं आणि तोही आकडा गेला.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. सर ते घेऊन स्वतः तळमजल्यावर आले. यंत्र भर जोरात होतं, एकमेकांचं अक्षरही ऐकू येण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी कागद नुसता पुढे केला. आक्कांनी हात पुसले आणि वाचायला घेतला.

'पाच दिवस शून्य बघून मला तुमची काळजी वाटायला लागली होती,' बाईंनी लिहिलं होतं. 'मीही हिशेब करून पाहिला होता. आकाश तुम्हाला एवढे दिवस मोकळं सोडणार नाही. सातही दिवस शून्य पाठवलं असतंत, तर काच आंधळी आहे किंवा वही मन मानेल तशी भरली आहे, असं मी समजले असते, आणि यंत्र भंगारात काढायच्या कागदावर सही केली असती. तो एक ठिपका मिळाला. यंत्र चालू ठेवा.'

आक्कांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अक्षरं नीट दिसेनात, म्हणून तिसऱ्यांदा वाचलं. सर समोर उभे राहून हात हलवत काहीतरी सांगत होते, बहुतेक आनंदाचंच, पण त्यातला एक शब्द पोचत नव्हता. शेवटी त्यांनी यंत्राकडे बोट दाखवलं आणि दोन्ही हातांनी खूण केली: हे दोन मिनिटं बंद करता का, मला बोलायचंय.

आक्कांनी मान हलवली. नाही. आणि पत्र सरांच्या नाकासमोर धरून शेवटच्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.